बोर्डवाल्याच्या चित्रातली बाई

आमची गल्ली इतकी अरुंद आहे की समोरच्या घरात कपबशी फुटली तर इकडे आपण दचकतो, आणि कुणाचं काय बिनसलंय हे कळायला भिंतीला कान लावावा लागत नाही, खिडकी उघडी असली की पुरे. माझी खिडकी बहुतेक उघडीच असते. लोक मला चौकस म्हणतात. जवळचे लोक जरा निराळा शब्द वापरतात. पण नवरा गेल्यावर आणि एकुलती एक मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरी गेल्यावर बाईमाणसाने दिवसभर बघायचं तरी काय? दुसऱ्यांचे संसारच ना.

समोर राहतात ते चित्रकलेचे निवृत्त मास्तर. दर रविवारी दुपारी त्यांच्या बाहेरच्या खोलीत चित्रं काढणारी आणखी दोन माणसं जमतात. एक म्हातारी नर्स, जिला आम्ही पाठीमागे ‘सुई’ म्हणतो, कारण तिचं बोलणंच तसं टोचरं. आणि दुसरा दुकानांच्या पाट्या रंगवणारा बोर्डवाला. वय चाळिशीचं, अक्षर मोत्यासारखं, पण तोंडातून शब्द निघता निघत नाही. मास्तरांकडे खुर्च्या दोनच, म्हणून बाकीच्या माझ्याकडून जातात आणि खुर्च्यांपाठोपाठ चहाचा थर्मास घेऊन मीही जाते. खुर्च्या माझ्या, चहा माझा, मग ऐकायला बसले तर बिघडलं कुठे?

मास्तरांचा एक नेम आहे. चित्र कसं काढलं हे तिथे कुणी बोलायचं नाही. ते कुठून आलं एवढंच सांगायचं, आणि ते खरं असलं पाहिजे, स्वतःचं असलं पाहिजे. ज्याला सांगता येणार नाही त्याने सगळ्यांसमोर आपल्या चित्रावर पांढरा रंग फासायचा. त्यासाठी एक डबा आणि रुंद ब्रश टेबलावर कायम ठेवलेला असतो, आणि तो वापरलेला मी दोनदा पाहिलाय.

त्या रविवारी सुईने पलंगाखाली ठेवलेल्या चपलांच्या रांगेचं चित्र आणलं होतं. “वॉर्डात माणूस गेलं की नातेवाईक चष्मा नेतात, दात नेतात,” ती म्हणाली, “चपला राहतात. चाळीस वर्षं मी त्या उचलल्या.” मास्तरांनी एक बंद दार रंगवलं होतं, लहानपणी वडील ज्या खोलीत कोंडायचे तिचं दार आतून असं दिसायचं, एवढंच ते म्हणाले.

मग बोर्डवाल्याची पाळी आली. त्याच्या चित्रात एक बाई आपल्याकडे पाठ करून खिडकीशी उभी होती. पिकलेल्या केसांचा अंबाडा, जरा झुकलेला उजवा खांदा, पायाशी एक बॅग. बाकी खोली रिकामी. चित्र साधंच होतं, पण बघितल्यावर त्या बाईला मागून हाक मारावीशी वाटत होती. बोर्डवाला उभा राहिला, घाम पुसला, “ही... ही म्हणजे...” म्हणून थांबला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा थांबला. शेवटी मास्तरांनी डबा पुढे सरकवला. त्या माणसाचा चेहरा असा उतरला की मला राहवलं नाही.

“अहो, सांगायचंय काय त्यात?” मी म्हणाले. “दिसतंय की! लेकीचे दिवस भरत आलेत, तिच्या बाळंतपणाला निघालीय बाई. गाडी यायला उशीर झालाय, म्हणून उभी आहे. हो की नाही हो?”

सुई फिसकन हसली. “स्वतःचंच सांगताय की! गुरुवारी तुम्हीच निघालाय ना?”

“मग काय झालं? बाया सगळ्या सारख्याच.”

मास्तर मात्र हसले नाहीत. डब्याचं झाकण घट्ट लावत ते म्हणाले, “सांगितलं गेलं, म्हणजे झालं. वहिनी, आता हे चित्र तुमच्याकडून आलं.”

खुर्च्या परत आणून द्यायला बोर्डवाला माझ्या जिन्यापर्यंत आला. त्या वेळी, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, तो एक अख्खं वाक्य न अडखळता बोलला. “काकू, ती कुठे जायचं हे माहीत नसलेली बाई होती. तुम्ही तिला सांगायला नको होतं.”

“चहा जास्त झालाय तुम्हाला,” मी म्हणाले, आणि खुर्च्या घेतल्या.

गुरुवारी सकाळी सगळं आवरून मी नऊलाच तयार होते. नातवंडासाठी शिवलेली दुपटी, लेकीला आवडणारी माझी जुनी मऊ चादर, औषधं, मोबाईल, सगळं बॅगेत भरलं होतं. पहिलटकरीण पोरगी, सासू हयात नाही; ‘आई, तू समोर असलीस तरच मी आत जाईन’ असं ती फोनवर रोज म्हणायची. टॅक्सी साडेनऊची सांगितलेली. मी बॅग पायाशी ठेवून खिडकीत उभी राहिले. गल्लीत कोण कोण गेलं ते मी सगळं पाहिलं. टॅक्सी काही दिसली नाही. अकरा वाजले तेव्हा घरातल्या जुन्या फोनवरून, भिंतीवर लिहून ठेवलेला नंबर फिरवून, मी टॅक्सीवाल्याला चांगलं फैलावर घ्यायचं ठरवलं.

“काय हो, झोपलात काय?”

“काकू?” तो गोंधळला. “अहो, तुम्हाला दहाच्या आधीच स्टेशनात सोडलं की. गाडीत काही राहिलं काय?”

“कुणाला सोडलंत?”

“तुम्हालाच. वाटभर नुसत्या लेकीबद्दल बोलत होता.”

मी वळून पाहिलं. बॅग जागेवर नव्हती.

चोरी झाली असंच मला पहिल्यांदा वाटलं, आणि वाटलं ते बरंच झालं, कारण रागाने माणसाला बळ येतं. पैशाचं पाकीट कमरेला होतं. बॅग गेली तर गेली, तशीच निघते म्हणून मी दाराला कडी घातली आणि जिना उतरले. सतरा पायऱ्या आहेत आमच्या जिन्याला, तीस वर्षं मोजतेय. सोळापर्यंत मोजल्याचं मला आठवतं. त्यानंतरचं आठवतं ते खिडकीच्या गजाचं गार लोखंड, आणि उभं राहून राहून भरून आलेले पाय. मी पुन्हा निघाले. संध्याकाळपर्यंत किती वेळा निघाले ते सांगत नाही. कुणी ऐकलं तर म्हणेल, म्हातारीला चळ लागला.

दुसऱ्या दिवशी खालची बाई गल्लीत भेटेल त्याला सांगत होती, काकू गेल्या हो काल, घर कसं सुनं सुनं वाटतंय. मी तिच्या डोक्यावर, वरच उभी होते. “अगं ए, इथे आहे मी!” म्हणून ओरडले. तिने मान वर केली, डोळ्यांवर हात धरून आभाळाकडे पाहिलं आणि वाळत घातलेले कपडे काढायला लागली.

रविवार आला. समोर मास्तरांच्या खोलीत तिघं जमली. माझ्या खुर्च्या नव्हत्या म्हणून सुई खाटेवर बसली होती. बोर्डवाल्याने तेच चित्र पुन्हा आणलं होतं, पण त्यात आता नुसती खिडकी होती. बाई नाही, बॅग नाही, आणि पुसल्याची, खरवडल्याची खूणही नाही. तो उभा राहिला आणि घडाघडा बोलला.

“समोरच्या काकूंवरून आलं हे. त्या लेकीकडे गेल्या. परवा त्यांची खिडकी बघितली, आणि लक्षात आलं की आपण त्यांच्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं.”

“चांगलं आलंय,” सुई म्हणाली, आणि तिच्या आवाजात टोचरेपणा नव्हता. “चहा नाही तर घसा सुकतोय. मायेची होती हो बाई.”

होती. मी गजांना धरून तिघांनाही हाका मारल्या, आधी गोडीने मारल्या, नंतर शिव्या देऊन मारल्या. फक्त बोर्डवाला खिडकीपाशी आला. त्याने एक डोळा मिटला, हातातला ब्रश उभा माझ्यासमोर धरला आणि अंगठा दांडीवरून खाली सरकवत माझ्या डोक्यापासून खांद्यापर्यंतचं माप घेतलं, चित्रकार घेतात तसं. आणि मी, जिला देवासमोर दोन मिनिटं गप्प बसवत नाही ती मी, त्याचं माप घेऊन होईपर्यंत हलले नाही.

लेकीचा नंबर मला पाठ नव्हता. तो बॅगेतल्या मोबाईलमध्ये होता. सगळं घर उलथंपालथं केलं तेव्हा आज सकाळी शिलाईच्या डब्याच्या झाकणामागे जावयांनी कधीतरी लिहून दिलेला सापडला. एकेक आकडा मोठ्याने म्हणत मी फिरवला. तिसऱ्या घंटीला तिने उचलला.

“अगं, मी बोलतेय!”

“कोण?”

“मी, आई. कशी आहेस? त्रास नाही ना झाला? अगं, मी निघालेच होते, पण...”

पलीकडे तान्ह्या बाळाचं रडू ऐकू आलं. त्या एवढ्याशा आवाजाने माझ्या डोळ्यांना धारा लागल्या, आणि तेवढ्यात कुणीतरी त्याला उगी केलं, जीभ टाळूला लावून, टक टक, मी माझ्या लेकीला करायचे तसं. बाळ गप्प झालं.

“कुणाचा फोन गं?” बाळाला उगी करणारी विचारत होती. आपला आवाज आपल्याला बाहेरून ओळखू येत नाही म्हणतात. मला आला.

“कोणीतरी म्हातारी आहे, आई. रडतेय. ठेवू का?”

“लगेच नको ठेवूस,” ती म्हणाली, अगदी मायेने. “एकटी असेल बिचारी. बोलू दे तिला थोडं.”