सकाळचा साहेब

अंडीवाल्याने शेडच्या खांबाला शिडी टेकवली, वर चढून रिकामं पोतं कॅमेऱ्यावर टाकलं, खाली उतरला, जरा मागे सरून बघितलं आणि पुन्हा वर चढून पोतं काढलं. पोतं टाकणारा माणूस काहीतरी लपवतोय, हे बघणाऱ्याला लगेच कळलं असतं. पोतं काढताना आपला घाबरलेला चेहरा त्याला अगदी जवळून दिसला असणार, हे मात्र उतरल्यावर त्याच्या लक्षात आलं.

शिडी धरून उभ्या असलेल्या बायकोने विचारलं, "काय झालं त्याला?"

"काही नाही. कोळ्याची जाळी धरली होती."

बायकोने कॅमेऱ्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि शिडी उचलली.

कॅमेरा बसवला होता तिच्या धाकट्या भावाने. फोन आणि वायरी यांत त्याचा जन्म गेलेला, म्हणून घरीदारी त्याला वायरमनच म्हणत. अंडी घेणाऱ्या कंपनीची तशी अटच होती. प्रत्येक डब्यावर एक वेगळा चौकोनी कोड छापलेला असे. शहरातल्या गिऱ्हाइकाने त्यावर फोन धरला की अंडी कुठल्या शेडमधली, कोंबड्या काय खातात, सगळं समोर येई, आणि हौस असेल तर शेडही चालू स्थितीत दिसे. डब्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'दिवसभर मोकळ्यावर फिरणाऱ्या कोंबड्यांची अंडी'. सुरुवातीला अंडीवाल्याला या सगळ्याचं हसू यायचं. लोक हल्ली पोरीचं स्थळ बघतानाही कोंबडीइतकी चौकशी करत नाहीत, असं तो चारचौघांत म्हणायचा. बहुतेक गिऱ्हाइकं एकदा बघत आणि विसरून जात, त्यामुळे त्याचंही काही बिघडत नव्हतं.

मग एके दिवशी वायरमनने गंमत म्हणून आपल्या फोनवरची नोंद दाखवली. एक डबा होता, एकच, त्याचा कोड कोणीतरी रोज सकाळी स्कॅन करत होतं. बरोबर शेड उघडायच्या वेळेला. डबा कित्येक महिन्यांपूर्वीचा. त्यातली अंडी कधीच कोणाच्या तरी पोटात गेलेली.

"एवढं प्रेम तर कोंबडीचंही नसेल अंड्यावर," वायरमन हसत म्हणाला.

अंडीवाल्याला हसू आलं नाही. रिकामा डबा जपून ठेवणारा माणूस पुरावे जमवत असतो, दुसरं काय? आणि पुरावा मिळण्यासारखा होता. त्या भागात मोकाट कुत्री फार. कोंबड्या बाहेर असल्या की कोणीतरी काठी घेऊन बसावं लागे, आणि त्याचा गुडघा बसू देत नसे. म्हणून तो दुपारीच त्यांना आत हाकलायचा, दार लावायचा आणि मस्त ताणून द्यायचा. दिवसभर मोकळ्यावर ही गोष्ट अर्ध्या दिवसापुरतीच खरी होती. कंपनीला कळलं असतं तर यादीतून नाव गेलं असतं. कंपनीने नाकारलेल्या शेडची अंडी मग कोणीच उचलत नाही, हे त्याने दुसऱ्या एकाचं बघितलं होतं. त्या माणसाच्या शेडमध्ये आता जुने टायर रचलेले होते.

त्या अनोळखी बघणाऱ्याला तो 'साहेब' म्हणू लागला. साहेब कंपनीचा असेल, नाहीतर पलीकडच्या रस्त्यावरच्या मोठ्या पोल्ट्रीवाल्याचा. त्या पोल्ट्रीत वायरमनने नुकतंच लाइटचं काम केलं होतं, हे आठवल्यावर मेहुणाही त्याच्या डोळ्यांत खुपायला लागला. कंपनीच्या गाडीचा ड्रायव्हर फार गोड बोलायचा, घरच्यांची खुशाली विचारायचा. तोही संशयाच्या फेऱ्यात आला. बायको सकाळी शेडकडे येताना केस नीट विंचरून येते, हेही त्याला एकदा खटकलं. मग त्याची त्यालाच लाज वाटली.

पण वागणं पार बदललं. सकाळी तो धुतलेला शर्ट घालून शेड उघडू लागला. कॅमेऱ्यासमोर कोंबड्यांशी इतकं गोड बोलू लागला, की तिथून आवाज जात नाही हे वायरमनला त्याला सांगावं लागलं. दुपारभर तो काठी घेऊन उन्हात बसू लागला, गुडघा चोळत, साहेबाला शिव्या घालत. मुलगी घरी असती तर हे फोनचं कोडं तिने चुटकीसरशी सोडवलं असतं, असं एकदा त्याच्या मनात आलं आणि ते त्याने तिथल्या तिथे दाबून टाकलं. तिने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं होतं. फाटकात उभं राहून त्याने तिला सांगितलं होतं, की आता फोनसुद्धा करायचा नाही. तीही बापाचीच लेक, तिने केला नाही. तेव्हापासून घरात तिचं नाव निघत नव्हतं.

ऊन बाधलं आणि तो तापाने पडला. सकाळी उठायला गेला तर पाय लटपटले. बायकोने त्याला खाटेवर पुन्हा निजवलं आणि शेड आपण उघडली. दिवस मावळायच्या सुमाराला वायरमन त्याला बघायला आला, पण बसला नाही. हातातला फोन सारखा खालीवर करत राहिला.

"भावजी, तुमचा साहेब आज दिवसभर येतोय."

अंडीवाला कोपरावर उठला. बायकोला विचारलं, "उशिरा सोडल्यास का कोंबड्या?"

वेळेवर सोडल्या, ती म्हणाली. दाणा घातला, पाणी बदललं, दुपारभर स्वतः काठी घेऊन बसले.

"मग त्याला हवंय काय?"

"एरवी एकदा बघून जातो," वायरमन म्हणाला. "आज जातो आणि परत येतो. आत्तासुद्धा बघतोय."

बायकोने नवऱ्याच्या कपाळावरची ओली घडी काढली, पाण्यात बुडवली, पिळली आणि हातातच धरून ठेवली.

"तो डबा मी दिला होता," ती म्हणाली. "ड्रायव्हरच्या हाती. पोरीला."

अंडीवाल्याने तिच्याकडे बघितलं तेव्हा तिची नजर खाली होती.

"आणि मला इतके दिवस नाचवलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही वायर कापली असतीत."

कापली असती. आज सकाळी शेडचं दार त्याच्याऐवजी बायकोने उघडलं होतं. कोंबड्या होत्या, दाणा होता, पाणी होतं, फक्त तो नव्हता. आणि पोरगी कुठेतरी रिकामा डबा समोर ठेवून दिवसभर त्याची वाट बघत होती. ज्या साहेबाला त्याने इतक्या शिव्या घातल्या, ती त्याची पोर होती. मेहुण्यासमोर रडू येईल या भीतीने तो खोकला.

"ती आपल्याला दिसते का रे त्यातून?" त्याने विचारलं.

"नाही भावजी. तिकडूनच फक्त इकडचं दिसतं."

अंडीवाल्याने चादर लपेटली आणि भिंत धरून उभा राहिला. वायरमन त्याला धरायला धावला. दोघं हळूहळू शेडपर्यंत गेले. कोंबड्या आत येऊन बसल्या होत्या, दिवा लागला होता. त्याने दाण्याचं घमेलं पालथं घातलं, कॅमेऱ्यासमोर त्यावर बसला आणि फोटो काढायला बसल्यासारखं वर तोंड केलं. काय करायचं ते सुचेना. नुसता बसून राहिला.

बायको औषधाचा पेला घेऊन मागोमाग आली आणि दाराशीच थांबली.

"अहो, अंगात ताप आहे. घरात चला."

त्याने मान हलवली. ती आत आली, पेला त्याच्या हातात दिला आणि खांबाला टेकून उभी राहिली. औषध घेऊन त्याने एकदा कॅमेऱ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि तिचा हात धरून ओढला.

"अलीकडे सरक," तो म्हणाला. "तिथे तू दिसत नाहीस."