खाली ठेवलेला कप

कुनाफ्याचं तबक बुधवारीच आलं. बढतीची समिती गुरुवारी बसायची होती, पण विभागप्रमुख नाएल सरांना धीर कुठला. पाकात निथळणारी ती भगवी मिठाई रुदैनाच्या टेबलावर ठेवून ते म्हणाले, "घ्या, सहयोगी प्राध्यापकबाई. अकरा वर्षं व्याख्याती म्हणून घासलीत, आता तोंड गोड करा."

रुदैनाचं तबकाकडे लक्षच नव्हतं. तिच्या हातात दवाखान्यातून सकाळीच आलेला कागद होता.

जॉर्डनमधल्या इर्बिदच्या विद्यापीठात ती आरोग्य-मानसशास्त्र शिकवायची. माणसाने स्वतःच्या जिभेला आवर कसा घालावा, हाच तिच्या संशोधनाचा विषय. मधुमेहाच्या बेचाळीस बायका तिने निवडल्या आणि प्रत्येकीकडून एक वाक्य घोकून घेतलं: जर समोर गोड चहा आला, तर मी म्हणेन, मला नको. रोज काय खाल्लं-प्यायलं ते बारा आठवडे वहीत लिहायचं. विद्यार्थ्यांना बायका दार उघडेनात, म्हणून वह्या तपासायला ही स्वतः घरोघर हिंडली. वह्या इतक्या चकचकीत निघाल्या, की नाएल सरांनी निबंधावर स्वतःचं नाव पहिलं घातलं. आणि आता रक्ताचा अहवाल सांगत होता, की दोघींची साखर तेवढी उतरली, एकतीसजणींची होती तिथेच राहिली आणि नऊजणींची चांगलीच वाढली.

"मग रक्ताचे आकडे गाळून टाका," नाएल सरांनी बोटाचा पाक चाटला. "आपण वागणूक मोजतो. रक्त बघायला डॉक्टर बसलेत."

"सर, बढतीच्या अर्जाखाली सही करायची आहे. 'मिळालेली सर्व माहिती दिली आहे' असं छापलंय तिथे."

"छापलेलं असतंच. उद्या दहाला माझ्या खोलीत सही, साडेदहाला समिती. नाहीतर पुढची जागा चार वर्षांनी, आणि तोवर मी निवृत्त. बघा बुवा."

म्हणे बघा बुवा. तिच्या जिवावर हा माणूस अकरा वर्षं परदेशी परिषदा झोडत हिंडला, आणि वर ही भाषा. त्या चिकट बोटाची तिला शिसारी आली. सही करून मोकळं व्हावं, असं क्षणभर आपल्याही मनात आलं, याची त्याहून जास्त आली.

दुपारी ती उम्म फव्वाझकडे गेली. फव्वाझची आई म्हणूनच सगळी आळी त्या म्हातारीला ओळखायची. सगळ्यात देखणी वही हिची, आणि सगळ्यात जास्त वाढलेली साखरही हिचीच. म्हातारी लंगडत दाराशी आली. डाव्या पायाला जुनं फडकं गुंडाळलेलं होतं आणि खोलीत कुबट, सडका वास भरला होता.

"मावशी, हे कधीपासून?"

"झाला महिना. चप्पल लागली. आधी बस तरी, पोलिसासारखी उभ्याउभ्या काय विचारतेस."

"वहीत लिहिलं नाहीत."

"असलं घाणेरडं कोण लिहितं वहीत? दर सोमवारी पायपीट करत यायचीस, पाहुणी तू. तुला वाईट वही देऊन वाटेला लावू? आम्ही बायकांनी ठरवलंच होतं, पोर गुणाची आहे, तिच्या बढतीचा प्रश्न आहे, रिकाम्या हाताने पाठवायची नाही."

"म्हणजे चहा चालूच होता?"

"होताच की. तू यायचीस त्या दिवशी तर तीन ग्लास. पाहुणीला एकटीला प्यायला लावतात होय? तूही प्यायचीस की गं, मिटक्या मारत."

म्हातारी हसली. रुदैनाला हसू आलं नाही. खरंच होतं ते. प्रत्येक घरी चहा आला, ग्लासात तीन-तीन चमचे साखर. नको म्हटलं तर बाई दुखावेल म्हणून हिने तो घेतला, आणि हिला सोबत म्हणून बाईने घेतला. मग घरी जाऊन हिने टिपण केलं, 'संयम लक्षणीय.' याच मातीतली, एवढी शिकलीसवरलेली बाई, आणि पाहुणी होऊन घरात शिरल्यावर वहीत काय लिहिलं जाईल एवढं हिला कळू नये? स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली तिला.

तिने फडकं सोडलं. अंगठा काळा पडला होता.

"दवाखान्यात चला."

"जाईन गं. ईद होऊ दे. ते मेले कापायचंच बोलतात." म्हातारीने विषय बदलत छोट्याशा कपात कडू कॉफी ओतली आणि पुढे केली.

रुदैनाने कप घेतला, ओठाला न लावता समोर जमिनीवर ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसली.

म्हातारीचं हसू मावळलं. पाहुण्याने कप खाली ठेवला की त्याला काही मागायचं असतं. यजमानाने हो म्हणेपर्यंत तो पीत नाही, आणि न पिताच उठला तर घराची अब्रू जाते.

"बोल, काय पाहिजे?"

"उद्या आठ वाजता माझ्याबरोबर दवाखान्यात."

म्हातारी कपाकडे बघत राहिली, मग पायाकडे. "एवढी पुस्तकं वाचलीस," ती कुरकुरली, "आणि हे बारा आठवडे सुचलं नाही तुला. पी. झालं तुझं काम."

गुरुवारी डॉक्टरांनी सांगितलं, अंगठा जाईल, पाऊल वाचेल. आणखी आठवडा गेला असता तर तेही गेलं असतं. म्हातारीला सुनेच्या हवाली करून रुदैना विद्यापीठात पोचली तेव्हा सव्वादहा झाले होते.

"उशीर केलात," नाएल सरांनी कॉफी ओतून दिली आणि अर्ज पुढे सरकवला. "प्या आणि सही करा."

तिने कप न पिता टेबलावर ठेवला.

नाएल सरांचा हात थांबला. आपले आजोबा टोळ्यांचे तंटे मिटवायचे, हे ते प्रत्येक भाषणात सांगायचे. खाली ठेवलेल्या कपाचा अर्थ त्यांना कोणी सांगायला नको होता.

"रक्ताचे आकडे निबंधात घाला, सर. बेचाळीसच्या बेचाळीस. आणि वह्या आपल्यामुळे कशा बिघडल्या, तेही."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग दाराकडे. कोणी बघत नव्हतं. त्यांनी तिचा कप उचलला आणि स्वतःच रिकामा केला.

"हं, संपली. करा सही."

मिशीला लागलेला कॉफीचा थेंब त्यांनी जिभेने टिपला. रुदैनाने पेन उचललंच नाही. दवाखान्याचा कागद घेतला आणि ती थेट समितीच्या खोलीत गेली.

तिथे कुनाफा वाटला जात होता. अध्यक्षांनी हसत बशी पुढे केली. "घ्या, घ्या. तुमच्याच बढतीचा आहे."

"मला नको," रुदैना म्हणाली. बायकांकडून बारा आठवडे घोकून घेतलेले हे दोन शब्द तिने स्वतः अजून एकदाही वापरले नव्हते. अध्यक्षांचा चेहरा पडला. तिने बशी बाजूला सारली आणि त्या जागी रक्ताचा कागद ठेवला.