छतावरच्या काकी

पुस्तकांच्या त्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि जमलेल्यांपैकी निम्म्यांनी जन्मात पुस्तक विकत घेतलं नसेल. सगळे माना वर करून कोऱ्या छताकडे बघत होते. "आल्या," एक म्हातारी पुटपुटली आणि रडायलाच लागली.

आल्या होत्या त्या काकी. सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांनी स्वयंपाक आणि घरगुती औषधं यांवर पुस्तक लिहिलं होतं. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंच्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, ते आपल्या छापखान्यात पुन्हा छापलं. छापताना पहिल्या पानावरचा काकींचा फोटो उलटा उमटला: गोऱ्याचं काळं, काळ्याचं गोरं. चेहरा कोळशासारखा, केस आणि बुबुळं पांढरीफटक. प्रती रद्दीतच जाणार होत्या, पण दुकानदाराने त्या उचलल्या आणि काकींचा आत्मा पुस्तकात उतरल्याचा बोभाटा केला.

"काकींच्या नाकाच्या शेंड्यावर नजर ठेवा," तो घोळवून घोळवून सांगे. "मी म्हणेपर्यंत हलू नका. मग वर बघा. मनात शंका असली की नजर हलते, आणि नजर हलली की काकी रुसतात." म्हणजे दिसलं तर काकींची कृपा, नाही दिसलं तर तुमचं पाप. पुस्तक दोन्हीकडून खपणार.

बाई मजा बघायला आल्या होत्या. त्यांनीही टक लावली, वर पाहिलं, आणि हसायचं विसरल्या. गोरीपान, काळ्याभोर केसांची एक बाई छतावरून त्यांच्याकडेच बघत होती. त्यांनी घाबरून दाराकडे तोंड फिरवलं, तर ती दारावरही होती. घरी जाताना बाईंनी दोनदा मागे वळून पाहिलं.

दादाच्या घरी त्याहून वाईट चाललं होतं. वहिनीने साखरेच्या आजाराचं इंजेक्शन बंद केलं होतं. सुई टोचलेल्या अंगाजवळ काकी थांबत नाहीत, पुस्तकातला काढाच घ्या, असं दुकानदाराने तिच्या मनात भरवलं होतं. तिचे ओठ सुकले होते, तहान भागत नव्हती. असंच चाललं तर ती जगणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

"फोटो मी उलटा छापला, हे कळतंय गं," दादा हळूच म्हणाला. "पण मेलेलं माणूस सरळ होऊन छतावर कसं येतं? मलाही दिसतात त्या." तो आता दिवा लावून झोपत होता.

वहिनी पडल्या पडल्या म्हणाली, "तुम्ही सगळे कामाला जाता. दिवसभर माझ्याजवळ त्याच असतात."

बाईंना लाज वाटली. त्यांनी उशाचं पुस्तक उचललं आणि भीत भीतच पुन्हा टक लावली. लांबच्या भिंतीवर काकी दाराएवढ्या दिसल्या. जवळच्या उशीवर थाळीएवढ्या. बाईंनी स्वतःचा तळहात डोळ्यांसमोर धरला, तर काकी लिंबाएवढ्या होऊन त्यात मावल्या. डोळा जाईल तिथे जाणारं आणि जागा बघून लहानमोठं होणारं भूत छतावर कशाला राहील? ते डोळ्यातच असणार. बाईंनी दादाला उठवून छापखान्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात बाईंनी एक मोठा कागद टांगला. त्यावरही काळ्या तोंडाचा फोटो होता. लोकांनी टक लावली, वर पाहिलं, आणि कुणीतरी फिसकन हसलं. छतावर मिशांसकट दुकानदार होता. खाली गल्ल्यावरही तोच होता.

"हे तर अजून जिवंत आहेत," बाई म्हणाल्या. "एका जागी टक लावली की डोळा थकतो. मग कोऱ्या जागी काळ्याचं गोरं दिसतं, गोऱ्याचं काळं. नजर हलवली तर डोळा थकत नाही, म्हणून हे हलू देत नाहीत. यात तुमचं पाप नाही आणि यांचं पुण्यही नाही."

दुकानदार श्रद्धेबद्दल काहीतरी बोलू लागला, पण ऐकायला फारसं कुणी थांबलं नाही.

बाई तो कागद घेऊन डॉक्टरांसोबत वहिनीकडे गेल्या. मिशीवाली काकी बघून वहिनी हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "म्हणजे इथे कुणीच नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं. ती आमची चूक. शाळा सुटली की मी रोज येणार," बाई म्हणाल्या. "वहिनी, काकी शहाणी बाई होती. जे हाताशी होतं, जे करून पाहिलं होतं, तेच तिने लिहिलं. हे औषध तेव्हा निघालंच नव्हतं. निघालं असतं, तर तिने ते पहिल्या पानावर छापलं असतं. तिला मानतेस ना? मग तिच्यासारखा विचार कर."

वहिनीने एकदा कोऱ्या छताकडे पाहिलं. मग तिने बाही वर सरकवली आणि बाहेर थांबलेल्या डॉक्टरांना आत बोलवायला सांगितलं.