खंडेनवमीची मांडणी

नेकनूरच्या त्या घरात खंडेनवमीची पूजा भिवराबाईंच्या शब्दाबाहेर कधी गेली नाही. ज्या अवजारावर घर चालते ते धुऊन-पुसून पाटावर यायचे, आणि एकदा कुंकू लागले की दसऱ्यापर्यंत त्याला कुणी शिवायचे नाही. कोयता, कुऱ्हाड, विळे सकाळीच घासून झाले होते. उरला होता सुनेचा लॅपटॉप.

सून शिवकन्या वरच्या खोलीत बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी कॅमेऱ्यांची भिंगे आखत असे. घरून काम करण्याची मुभा तिला अजून कायम मिळाली नव्हती. आज अकरा वाजता ऑनलाइन बैठकीत साहेबांपुढे नवे भिंग मांडायचे. ते पसंत पडले तर मुभा कायम, नाही तर बिऱ्हाड पुण्याला. मुलगा-सून दूर जावीत हे भिवराबाईंना नको होते, आणि तसे बोलून दाखवणे तर त्याहून नको होते.

सून आंघोळीला गेली तशी त्यांनी ओले फडके घेतले आणि उघडाच असलेला लॅपटॉप पुसला. कोयता पुसतात तसा, दाबून. पडद्यावर एक चौकट उगवून इंग्रजीत काही विचारू लागली. ती जावी म्हणून भिवराबाईंनी सर्वांत मोठे बटण दाबले. चौकट गेली, मागोमाग भिंगाच्या चित्राभोवतालचे आलेखही गेले.

शिवकन्या आली आणि पडद्यासमोर उभीच राहिली.

"फाईलच बिघडली का काय? मग मागच्या आठवड्याचंच भिंग दाखवावं लागंल," ती म्हणाली. "आणि ते त्यांना पसंत न्हाई."

"रात्री लाइट सारखी जात होती," मुलगा सोमेश्वर म्हणाला. "न्हाई तर मांजर चढलं असंल."

भिवराबाईंनी पदर सारखा केला. गप्प राहिल्या असत्या तर मांजराने काही हरकत घेतली नसती.

"मांजराला कावून नाव ठेवतो? म्या पुसला. एक चौकट आली, म्या मोठं बटण दाबलं. भिंगाचं चित्र जागचं हाललं न्हाई. शेजारचे आलेख तेवढे गेले."

"भिंग हाललं न्हाई? नक्की, आत्या?"

"डोळे हायेत मला."

शिवकन्या खुर्चीत बसली. "मग भिंग शाबूत हाय. नुसती मांडणी पुसली गेली. ती मी वेगळी जपून ठेवलीय."

"भिंग एकीकडं अन् मांडणी एकीकडं?"

"तुमी ऊसतोडीला जायच्या, तवा राहायला पाचटाची कोपी कशी लावायच्या?"

"चूल उगवतीला, घागर उजव्या हाताला. कारखाना कोणता का असंना."

"तसंच हे. कोणता आलेख कुठं, एवढंच ह्यात हाय. कोपी मोडली तरी पुन्हा तशीच उभी."

तिने जपलेली मांडणी उघडली. भिंगाच्या डावीकडे मापांचा तक्ता आला, खाली किरणांच्या रंगीत रेषा आल्या, उजवीकडे ठिपक्यांची आकृती बसली. भिवराबाई पाहत होत्या. प्रत्येक वस्तू आपली जागा ओळखून येत होती.

"पूजेची वेळ होत आली, आई," सोमेश्वर म्हणाला.

"देवाला थांब म्हणून मी सांगते. तू खालचा टीव्ही बंद कर."

बैठक संपेपर्यंत त्या जिन्याच्या तोंडाशी पाट टाकून बसल्या आणि कुणालाही वर चढू दिले नाही. शेजारच्या वत्सलाबाई वाटीभर साखर मागायला आल्या, त्यांनाही खुणेनेच परत पाठवले.

अखेर शिवकन्या लॅपटॉप घेऊन खाली आली. भिंगातल्या एका काचेची जाडी थोडी कमी करायची होती; बाकी पसंत होते. मुभा कायम झाली होती.

"बरं झालं," भिवराबाई म्हणाल्या, आणि चेहरा दिसू नये म्हणून कुंकवाचा करंडा शोधू लागल्या. "ती मांडणी कशात ठेवली म्हणालीस?"

शिवकन्येने बोटाएवढा पेन ड्राइव्ह पुढे केला. भिवराबाईंनी तो कोयत्याशेजारी ठेवला, त्याला आधी कुंकू लावले, झेंडू वाहिला. मग लॅपटॉपकडे वळल्या.

"आता पुसायचा न्हाई का?" सोमेश्वरने विचारले.

"सकाळीच पुसला की," भिवराबाई म्हणाल्या. "उदबत्ती लाव."