पायऱ्यांचं हॉटेल

लोकांना महागडी सुट्टी आखून देणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. माझ्याकडे येणाऱ्या माणसाला खोलीतून डोंगर दिसायला हवा असतो, डोंगर दिसला की त्यावर बर्फ हवा असतो आणि बर्फ असला की थंडी मात्र नको असते. असल्यांना मी रोज पुरून उरते. पण माझ्या सख्ख्या बहिणीनं माझ्या नाकी नऊ आणले.

ताईला आणि भावोजींना मी युरोपच्या मधोमध असलेल्या एका चिमुकल्या देशात धाडणार होते. नकाशावर करंगळी टेकवली की सबंध झाकला जाईल, एवढासा देश. निवडला ताईनंच आणि कारणही तिचंच. म्हणाली, "तिथं आपल्यातलं कुणी गेलेलं नाही. म्हणजे कुणी सल्ले देणार नाही." आमच्या नातेवाइकांना सल्ला द्यायला त्या गावी जाऊन यावं लागतं असं मुळीच नाही, पण मी वाद घातला नाही.

पैशांची अडचण नव्हती. भावोजींचा बाटल्यांची झाकणं बनवायचा कारखाना होता. तो बरीच वर्षं जोरात चालला आणि चांगल्या भावात विकला गेला. अडचण होती ती घरातून पाय बाहेर काढायची. सव्वीस वर्षांत ती दोघं मिळून एका रात्रीसाठीसुद्धा कुठं गेली नव्हती. दोघांतलं एक जण कायम चिंगीपाशी असायचं.

चिंगी म्हणजे त्यांची मुलगी. जन्मताना तिच्या मेंदूला इजा झाली, त्यामुळे ती कधी चालली नाही आणि कधी बोलली नाही. हसायची मात्र खदखदून, आणि कुणाला बघून हसायचं हे तिचं पक्कं ठरलेलं असायचं. मला बघून हसायची, म्हणून सांगते, पोरीला माणसांची पारख होती. गेल्या थंडीत तिच्या छातीत कफ साठला आणि आठवडाही न काढता ती गेली.

भेटायला येणारा प्रत्येक जण तेच म्हणायचा. सुटली बिचारी. मग आवाज जरा खाली आणून, तुम्हीही सुटलात हो. भावोजींची एक आत्या तर निघताना म्हणाली, "आता मस्त फिरा दोघं!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताईनं फक्त मान डोलावली आणि आत्याबाईंच्या चपला सरळ करून ठेवल्या.

तरीही दोन-तीन महिन्यांनी सहलीचा विषय मीच काढला, कारण त्या घरात काय चाललंय ते मला दिसत होतं. ताई रात्री ठरलेल्या वेळी अजून उठायची, चिंगीची कूस बदलायला. रिकाम्या पलंगापाशी उभी राहायची आणि परत यायची. दिवसा उंबऱ्याबाहेर पडायची नाही. उंबरा म्हणजे तरी काय, चिंगीची चाकांची खुर्ची फिरावी म्हणून घरातले सगळे उंबरे कधीच काढून टाकलेले. दारं रुंद करून घेतलेली. बोळातल्या भिंतीवर गुडघ्याच्या उंचीवर चाकाच्या घासण्याची एक लांबलचक काळी रेघ होती, आणि ताई तिथून जाताना त्या रेघेला हात लावून जायची.

एके दिवशी भावोजी माझ्या ऑफिसात येऊन बसले. हा माणूस एरवी स्वतःच्याच कारखान्यातलं झाकण लावल्यासारखा गप्प. म्हणाले, "मेहुणीबाई, हिला कुठंतरी पाठव. कुठंही. ती माझ्याशी बोलत नाही गं. भांडतसुद्धा नाही."

मला त्यांची फार दया आली. आणि भीतीही वाटली, कारण माझी ताई भांडत नाही म्हणजे दुखणं हाताबाहेर चाललंय. ती त्या घरात बसून हळूहळू विझणार हे मला स्वच्छ दिसत होतं. तिला तिथून एकदा बाहेर काढायचंच, असं मी मनाशी घेतलं.

तर मी लॅपटॉप घेऊन दर रविवारी तिच्या जेवणाच्या टेबलाशी बसायला लागले. पहिलं हॉटेल दाखवलं ते राजवाड्यासारखं, गावाच्या ऐन मध्यात.

"आत जायला पायऱ्या आहेत?" ताईनं पहिला प्रश्न विचारला.

"एकही नाही. गाडी थेट दारात. दारही आपोआप उघडतं."

"लिफ्ट?"

"तुझं स्वयंपाकघर मावेल त्यात."

"हं," ती म्हणाली. थोडा वेळ फोटो बघत राहिली आणि मग, "पडदे फार भडक आहेत. नको."

पुढच्या रविवारी गरम पाण्याच्या झऱ्यांचं हॉटेल. न्हाणीघराचं दार आत उघडतं की बाहेर? मी सांगितलं, सरकतं. मग म्हणाली, तिथले लोक फोटोत उगाचच हसताहेत. नको. त्यानंतर द्राक्षांच्या मळ्यातलं घर काढलं. तिथं सगळ्या वाटा सपाट, ढकलत न्या कुठंही. तर तिथल्या चमच्यांना तिनं नाक मुरडलं. चमच्यांना! अहो, पैसेवाली गिऱ्हाइकं परवडली.

मला वाटत होतं, ही सवय आहे. सव्वीस वर्षं जिची नजर आधी पायरीवर जायची, ती एका हिवाळ्यात थोडीच बदलणार? तिच्या जिवाला बरं वाटावं म्हणून ती विचारायच्या आतच मी सांगायला लागले. उतार आहे, कठडा आहे, दार रुंद आहे, काळजी करू नकोस. जितकं महाग हॉटेल, तितक्या या सोयी जास्त, आणि मी महागच दाखवत होते.

चौथं ठिकाण म्हणजे माझा हुकमाचा पत्ता. तळ्याकाठचं जुनं हॉटेल, खोलीच्या खिडकीखाली पाणी, पलीकडे डोंगर. ती खोली मिळता मिळत नाही. मी ओळख लावून शुक्रवारपर्यंत अडवून ठेवली होती आणि स्वतःवर बेहद्द खूश होते.

"आणि हा बघ लाकडी धक्का," मी म्हणाले. "बागेतून सरळ पाण्यात जातो, अगदी हलक्या उतारानं. टोकाला सपाट तळाची होडी असते. खुर्चीवरच्या माणसाला खुर्चीसकट होडीत घेतात आणि तळ्यात फिरवून आणतात."

"खुर्चीसकट?"

"खुर्चीसकट."

"नवीन केलंय का हे?"

तिथं मी गप्प बसायला हवं होतं. पण विकायला बसलेल्या माणसाची जीभ, ती कुठली थांबते. "छे गं, नवीन कसलं! फार जुनी सोय आहे ती, चांगली तीस-पस्तीस वर्षांची. लाकूड दोनदा बदललंय त्यांनी."

ताई उठली आणि स्वयंपाकघरात गेली. नळ सुटल्याचा आवाज आला. तो बंद होईना.

मी मागोमाग गेले ते भांडायलाच. "ताई, तुला जायचंच नसेल तर सरळ सांग. मी काय रिकामटेकडी आहे? लोक त्या खोलीसाठी जीव टाकतात, आणि तू चमचे बघत बसतेस!"

तिनं नळ बंद केला. माझ्याकडे न बघता बोलायला लागली, आणि इतक्या महिन्यांत ती एवढं सलग बोलली नव्हती.

"तू दर वेळी सांगतेस, इथं उतार आहे, तिथं लिफ्ट आहे, दार रुंद आहे. म्हणजे नेता आलं असतं की तिला. होतं हे सगळं. तिच्या जन्माच्या आधीपासून होतं. मला कुणी नाही म्हणालं नव्हतं गं, छोटे. मी डॉक्टरांना कधी विचारलंसुद्धा नाही. मीच धरून चालले की आपल्याला कुठं जमणार. पैसे होते, हे होते, मी होते. ती पाणी बघून कशी हसायची आठवतं? बादलीतल्या पाण्याला हसायची पोर. आणि तिकडं खुर्चीसकट होडीत घेतात."

मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"मी त्या उतारावरून रिकाम्या हातांनी कशी चालू?" ती म्हणाली. "मला असं ठिकाण दे, जिथं तिला नेताच आलं नसतं. मी जाते मग. खरंच जाते."

चार रविवार मी तिच्या जखमेवर मीठ चोळत होते, तेही फोटो दाखवून दाखवून. इतकी वर्षं मीही याच धंद्यात आहे आणि चिंगीला कुठं नेऊ या असं मीही कधी सुचवलं नव्हतं, हे तिनं काढलं नाही. मीही काढलं नाही. तिच्या ओल्या हातांवर हात ठेवून तशीच उभी राहिले.

मग मी उलटा शोध सुरू केला. ऑफिसात माझी चेष्टा झाली. सगळी गिऱ्हाइकं पायऱ्या कमी करून मागतात आणि या बाई वाढवून मागताहेत! मी त्या देशातल्या हॉटेलांना फोन लावून विचारायची, तुमच्याकडे लिफ्ट आहे का, आणि आहे म्हणाले की माझं तोंड उतरायचं. पलीकडचं माणूस चक्रावून जायचं.

शेवटी एक सापडलं. टेकडीवरची जुनी गढी, आता हॉटेल केलेली. खोल्या अशा की डोळे दिपावेत. छताला कोरीव लाकूड, प्रत्येक खोलीत शेकोटी. पण गाडी खालीच थांबते आणि वर जायला कातळात कोरलेल्या पायऱ्या, अरुंद आणि वळणावळणाच्या. इमारत जुनी म्हणून तिथं काही बांधायला सरकारची परवानगी नाही. व्यवस्थापक बाई बिचारी किती माफी मागत होती. म्हणाली, चाकाच्या खुर्चीवरच्या पाहुण्यांसाठी आम्ही खरोखर काहीच करू शकत नाही. कुणाचा नकार ऐकून मला इतकं बरं आजवर वाटलं नव्हतं.

रविवारी दुपारी मी गेले तेव्हा भावोजीही टेबलाशी येऊन बसले. ताईनं त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं. आपलं शेवटी काहीतरी ठरतंय एवढ्यावरच ते खूश होते. मी खोल्यांचे फोटो आधी दाखवले. ताईनं ते भराभर पुढे सरकवले. पायऱ्यांचा फोटो आला तशी ती थांबली. खालून वर काढलेला फोटो होता, वरचं टोक दिसतसुद्धा नव्हतं.

"लिफ्ट नाही?"

"नाही."

"मागून गाडीचा रस्ता?"

"नाही. विचारलं मी. कसलीच सोय नाही."

ताईनं मोठा श्वास सोडला. तिचे खांदे खाली आले. "हं," ती म्हणाली. "इथं नसतं जमलं." आणि मग माझ्याकडे बघून, "कर हे."

भावोजींनी चष्मा लावला आणि लॅपटॉप आपल्याकडे ओढला. "एवढ्या पायऱ्या? हेच कशाला घेतलंत?"

मी ताईकडे बघितलं. तीच म्हणाली, अगदी शांतपणे, "इथं चिंगीला आणता आलं नसतं ना, म्हणून."

"का?" भावोजी म्हणाले. "मी होतो की."

ताईच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. भावोजींना पत्ताच नाही. ते फोटोत डोकं घालून पायऱ्यांचा अंदाज घेत होते. "खुर्ची खाली ठेवली असती. खाली कुणीतरी असणारच ना राखण करायला. आणि चिंगीला उचलून. हे बघ, इथं वळणावर कट्टा दिसतोय, तिथं टेकलो असतो जरा. मग पुढं."

मला त्यांचं तोंड धरावंसं वाटत होतं. पण आता काय उपयोग.

"उचलून कशी?" ताईनं विचारलं. तिचा आवाज फाटला होता. "वजन माहितीये तिचं?"

"मला नाही माहीत? रोज अंघोळीला कोण नेत होतं?"

"ते घरात. इथं पाय घसरला असता तर?"

"मग पाठीवर घेतली असती, चादरीनं बांधून."

"पाठीवर घाबरते ती! तिला तोंड दिसायला लागतं तुमचं."

"बरं, मग पुढूनच. तू मागून चालली असतीस, ओरडत. हळू, हळू, तिचं डोकं सांभाळा. ती माझ्या कानापाशी हसली असती."

"तुम्हाला धाप लागली की ती हसायचीच," ताई म्हणाली.

"हसायचीच. लबाड."

आणि माझी ताई रडायला लागली. चिंगी गेली तेव्हा ती रडली नव्हती, लोक कुजबुजले होते त्यावरून. आता टेबलावर डोकं टेकून ती मोठ्यानं रडत होती, आणि भावोजी तिच्या पाठीवर हात ठेवून पुन्हा पुन्हा विचारत होते, "मी काय चुकीचं बोललो? अगं, मी काय बोललो?" मग त्यांनाही कळलं असावं, कारण त्यांचा हात थांबला. मीही रडले. मला रडायला एरवी अजिबात आवडत नाही, नाक लाल होतं.

बऱ्याच वेळानं ताईनं पदरानं तोंड पुसलं. पायऱ्यांचा फोटो अजून समोर होता. त्याकडे बघत ती म्हणाली, "म्हणजे कुठंही नेता आलं असतं तिला."

भावोजींनी मान हलवली. होय अशी.

मी लॅपटॉप मिटायला हात पुढे केला. ताईनं माझं मनगट धरलं.

"छोटे, ती तळ्यावरची खोली गेली का गं?"

"शुक्रवारीच सोडली. पण मागितली तर मिळेल कदाचित. ताई, तिथं तो धक्का आहे. रोज खिडकीतून दिसेल."

"दिसू दे," ती म्हणाली. "यांचे गुडघे आता एवढ्या पायऱ्या चढतात होय?"