डॉक्टरांच्या कपाटातल्या अकरा गाड्या

मिस्त्रींना गाड्यांचा नाद होता, आणि तो दोन मापांचा होता. आठवडाभर खऱ्या गाड्या आणि सुट्टीच्या दिवशी तळहातावर मावतील एवढ्या.

चाळीस वर्षं त्यांनी पत्रा ठोकला होता. कुठेतरी आदळलेली गाडी त्यांच्या गॅरेजात यायची. दरवाजा आत गेलेला असायचा, बोनट दुमडलेलं असायचं. मिस्त्री आतून लोखंडी ठोकळा धरायचे आणि बाहेरून हातोडीचे हलके ठोके देत पत्रा पुन्हा जाग्यावर आणायचे. मग पुट्टी, घासकाम, प्रायमर, रंग. गाडी न्यायला आलेला मालक चारी बाजूंनी फिरून विचारायचा, की लागलं होतं नेमकं कुठे? एवढं ऐकलं की मिस्त्रींचा दिवस सार्थकी लागायचा.

ज्या जातीची गाडी हाताखालून गेली तिची छोटी प्रतिकृती घरी आणायची, असा त्यांचा शिरस्ता होता. डायकास्ट म्हणतात त्या ओतीव धातूच्या गाड्या, खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या हिश्शाच्या. काचेच्या कपाटात दोनशेच्या वर जमल्या होत्या. बायको म्हणायची, लोकांचं खेळायचं वय आधी येतं आणि मग जातं, यांचं उलटं आहे. पण धूळ तीच पुसायची, आणि कुठली गाडी कुठल्या रांगेत ते तिलाही पाठ होतं.

महिन्यातून एका रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये अशाच नादिष्ट लोकांचा मेळा भरायचा. लांब टेबलं मांडायची, आपापल्या गाड्या ठेवायच्या, अदलाबदल करायची. त्या मेळ्यात शेवटचा शब्द असायचा तो दातांच्या डॉक्टरांचा. डॉक्टर सडपातळ, हात सदा नुकतेच धुतल्यासारखे, आणि आवाज असा मऊ की ‘जरासंच दुखेल हं’ हे वाक्य त्या आवाजासाठीच जन्माला आलं असावं.

एकदा मिस्त्रींनी एक पडून तुटलेली छोटी गाडी दुरुस्त करून आणली. नवीकोरी न करता मुद्दाम जुनी केली होती. एका दरवाज्याचा रंग किंचित वेगळा, खालच्या कडेला गंज, मागच्या काचेवर वाळलेल्या धुळीचे ओघळ. डॉक्टरांनी ती उजेडात धरून पाच मिनिटं फिरवली आणि म्हणाले, असा हात मी पाहिला नाही. मिस्त्रींना कुणी आजवर असं म्हटलं नव्हतं. पत्रा ठोकणाऱ्याचं उत्तम काम म्हणजे जे दिसतच नाही ते. त्याचं कौतुक कोण आणि कसं करणार?

त्यानंतर डॉक्टर त्यांना फोटो देऊ लागले. आदळलेल्या गाडीचा फोटो आणि त्याच जातीची कोरी छोटी गाडी. अगदी अशी करून द्या, म्हणायचे. बदल्यात मिस्त्रींना त्यांच्याकडे नसलेली एखादी दुर्मीळ गाडी मिळायची. काम सोपं नव्हतं. खरा पत्रा वाकतो, हा ओतीव धातू वाकत नाही, सरळ तुटतो. म्हणून तो आतून कानशीने कागदासारखा पातळ करायचा, काही भाग कापून तिथे पातळ पत्रीचा तुकडा चिकटवायचा आणि सुईने चुण्या पाडायच्या. एका पिवळ्या व्हॅनच्या तोंडावर ते तीन आठवडे बसले होते. झाली तेव्हा बायकोला हाक मारून दाखवली. तिने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, ‘‘ही आपटलेली गाडी कुणाला घरात का हवी असते हो?’’ मिस्त्री म्हणाले, फॅशन आहे.

फोटो नेहमी कडेने कापलेले असायचे. एकात मात्र कोपऱ्यात ओला रस्ता राहिला होता आणि त्यावर कुणाचीतरी एकच चप्पल. मिस्त्रींनी ती पाहिली होती. बाजूला ठेवून ते कामाला लागले होते. हे त्यांनी पुढे कधी नाकारलं नाही.

अशा अकरा गाड्या झाल्या. मधल्या काळात डॉक्टरांनी एकदा सहज विचारलं, की गाड्यांचे जुने सुटे भाग बघायला मिळतील अशी जागा कुठे? मिस्त्रींनी त्यांना आपल्या मेहुण्याकडे पाठवलं. मेहुण्याचं गाड्यांचं भंगार होतं, गावाबाहेर, पत्र्याच्या कुंपणात.

त्याच वर्षी शाळेतल्या बाई त्यांच्या गॅरेजात आल्या होत्या. बाईंचे यजमान त्याच शाळेत सुतारकाम शिकवायचे. त्यांची आकाशी रंगाची छोटी गाडी वळणावर ट्रकखाली गेली, आणि ते गेले. बाईंनी गाडी ओढून आणली आणि विचारलं, ही नीट होईल का? मिस्त्रींनी खाली वाकून पाहिलं. सांगाडाच पिळला गेला होता. नाही होणार, बाई, असं सांगताना त्यांनाच कसंतरी झालं. बाई म्हणाल्या, एक काम करा, हिचा एक स्क्रूसुद्धा कुणाला विकू देऊ नका, सगळी गाडी दाबून गठ्ठा करून टाका. मिस्त्रींनी शब्द दिला. गाडी मेहुण्याच्या भंगारात पाठवली आणि त्याला दोनदा बजावलं. मेहुणा म्हणाला, झालंच समजा, भाऊजी.

मग एका दुपारी डॉक्टरांनी त्यांना घरी बोलावलं. दवाखान्याच्या वरच घर होतं. लवंगेच्या तेलाचा वास जिन्यातून वरपर्यंत आलेला. आतल्या खोलीत पडदा ओढलेला होता, आणि भिंतीला एक उंच कपाट होतं, आत बारीक दिवे लावलेलं. मिस्त्रींच्या अकराही गाड्या तिथे होत्या, प्रत्येक काळ्या लाकडी बैठकीवर. मिस्त्रींना क्षणभर फार बरं वाटलं. आपलं काम असं दिव्याखाली मांडलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी बैठकीवरच्या पितळी पट्ट्या वाचल्या.

तारीख. रस्ता. मृत, दोन. पुढची, मृत, चार. पिवळ्या व्हॅनच्या पट्टीवर होतं, मृत, सहा, पैकी मुलं पाच.

मिस्त्रींना वाटलं आपण चुकीचं वाचतोय. त्यांनी चष्मा काढून पुसला. तोवर डॉक्टरांनी पिवळ्या व्हॅनच्या बैठकीतला छोटा खण बोटाने बाहेर ओढला. प्रत्येक बैठकीला असा खण होता. आत मखमलीवर पाण्याच्या बाटलीचं एक झाकण होतं, निळं, प्लॅस्टिकचं, दातांनी चावलेलं.

‘‘खऱ्या गाडीतलं आहे,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘तुमच्या मेहुण्यांची फार मदत झाली.’’

या व्हॅनचं नाक मिस्त्रींनी तीन आठवडे सुईने कोरलं होतं. पुढच्या काचेच्या भेगा एकेक करून काढल्या होत्या, आणि जमल्यावर स्वतःशी हसले होते.

डॉक्टर बोलतच होते. लोक विसरतात, मी जपतो. मऊ आवाजात, जसे रोग्याला एक्स-रे समजावून सांगतात तसे. मग त्यांनी खालच्या कप्प्यातून बारावी बैठक काढली. तिच्यावर एक छोटी आकाशी गाडी होती, अजून कोरी, धक्का न लागलेली. त्यांनी खण ओढला. आत गिअरच्या दांडीची मूठ होती, लाकडी, घरी घडवलेली, हाताच्या घामाने काळी झालेली. ती मूठ मिस्त्रींनी गॅरेजात पाहिली होती. सुतारकाम शिकवणाऱ्या माणसाशिवाय ती कुणी करणार नाही.

‘‘ही तर तुम्ही स्वतः पाहिलेली,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘फोटोची गरजच नाही. सीटवर डाग कुठे होते तेही तुम्हाला आठवत असेल.’’

मिस्त्री कसेबसे बेसिनपर्यंत पोचले. सगळं पोट रिकामं झालं. डॉक्टर पाठीशी उभे राहिले, त्यांनी स्वच्छ टॉवेल दिला, ग्लासात गुलाबी औषध ओतून म्हणाले, गुळणी करा, बरं वाटेल. मिस्त्रींनी गुळणी केली नाही.

‘‘यांच्या घरच्यांना विचारलंत का?’’ त्यांनी विचारलं.

डॉक्टरांना प्रश्न खरंच कळला नाही. ‘‘घरच्यांचा काय संबंध? गाड्या भंगारात आलेल्या होत्या.’’

मिस्त्रींनी लाकडी मूठ उचलली आणि खिशात घातली. डॉक्टर आड आले नाहीत. घेऊन जा, म्हणाले, त्या गाडीच्या दरवाज्याचं हँडल आहे माझ्याकडे, ते जास्त बोलकं आहे. जिना उतरताना मिस्त्री कठड्याला हात न लावता उतरले.

ते तडक भंगारात गेले. मेहुणा बॅटऱ्यांच्या ढिगाजवळ बसून चहा पीत होता. मिस्त्रींनी सगळं सांगितलं, तो ऐकत राहिला, आणि शेवटी एवढंच म्हणाला की गाडी मी दाबलीच की, गठ्ठा झाला. त्याआधी डॉक्टरांनी दोन वस्तू काढून घेतल्या, त्यात माझं काय गेलं? मिस्त्री म्हणाले, तुझी लाज गेली. मेहुण्याने कप खाली ठेवला.

‘‘भाऊजी, माणूस तुम्ही पाठवलात. गाड्या तुम्ही बनवल्यात. मी फक्त कुंपणाचं दार उघडलं. उगाच माझ्यावर चिखल उडवू नका.’’

मिस्त्रींनी त्याला शिव्या घातल्या, चांगल्या भरपूर. पण परत येताना बसमध्ये त्यांना कळून चुकलं, की त्याच्या बोलण्यात खोटं असं एक वाक्यही नव्हतं. खिशातली मूठ मांडीला टोचत होती. त्यांना ती हातात धरवेना आणि टाकवेना.

घरी त्यांनी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, बाईंना सांगा. मिस्त्री म्हणाले, कशाला त्या माउलीच्या जखमेवर मीठ? ती म्हणाली, शब्द तुम्ही दिला होता, त्यांनी मागितला होता, आता मोडलात तेही तुम्हीच सांगा, बाहेरून कळलं तर काय तोंड दाखवाल? दोन दिवस मिस्त्रींनी काही ना काही कारण काढलं. तिसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला ते बाईंच्या दारात उभे राहिले.

बाईंनी आत बसवलं, पाणी दिलं. मिस्त्रींनी मान खाली घालून सगळं सांगितलं. डॉक्टर, मेहुणा, कपाट, अकरा गाड्या, सुई आणि पत्री, काही म्हणजे काही वगळलं नाही. मग लाकडी मूठ टेबलावर ठेवली. मनातून त्यांची कुठेतरी अशी समजूत होती की बाई रडतील, मूठ छातीशी धरतील, आणि म्हणतील, तुम्ही तरी आणून दिलीत.

बाईंनी मुठीला हात लावला नाही. जेवणाच्या टेबलावर मेलेला उंदीर ठेवावा तसं त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

‘‘मला ही नको होती, मिस्त्री. म्हणूनच तर दाबून टाका म्हटलं होतं.’’

मिस्त्री काहीतरी पुटपुटले, की त्या माणसाच्या घरात राहायला नको म्हणून.

‘‘बाकीच्या अकरांच्या घरी गेलात?’’

त्या घरांचा विचारच मिस्त्रींच्या डोक्यात आला नव्हता. त्यांना फक्त आकाशी गाडी दिसली होती, कारण ती त्यांच्या ओळखीची होती.

‘‘पट्टीवर तारखा आहेत, रस्ते आहेत,’’ बाई म्हणाल्या. ‘‘लोक सापडतील. तुमच्यापेक्षा जास्त कुणाला माहीत आहे?’’ मग उठून त्यांनी दार उघडलं. ‘‘आणि ती वस्तू घेऊन जा. माझ्या घरात नको.’’

मिस्त्रींनी ती मूठ त्याच संध्याकाळी गॅरेजातल्या भट्टीत घातली आणि राख होईपर्यंत शेजारी उभे राहिले.

पुढच्या मेळ्यात त्यांनी सगळ्यांसमोर उभं राहून डॉक्टरांच्या कपाटाची हकीगत सांगितली. बोलायची सवय नव्हती, घाम फुटला. डॉक्टर त्या दिवशी आले नव्हते. दोघं जण उठून मिस्त्रींचा हात धरून म्हणाले, बरं केलंत सांगितलंत. बँकेतले एक कारकून आपल्या गाड्या डब्यात भरून निघूनच गेले, ते परत कधी आले नाहीत. पण चहाच्या वेळी तिघं-चौघं मिस्त्रींना कोपऱ्यात गाठून हळूच विचारू लागले, कपाट बघायला मिळेल का? झाकण खरंच चावलेलं आहे का? एक जण म्हणाला, वाईट तर आहेच, पण कल्पना वेगळी आहे हं. त्याच्या ओठावर बिस्किटाचा चुरा होता. मिस्त्रींना तो चुरा पुढे कित्येक दिवस दिसत राहिला.

घरं शोधायला मिस्त्री निघाले. अकरा गाड्यांपैकी सात गाड्यांमागची घरं सापडली. चार ठिकाणी घरच्यांनी डॉक्टरांकडे जाऊन आपापल्या वस्तू मागितल्या, आणि डॉक्टरांनी त्या लिफाफ्यात घालून, सही न मागता, सभ्यपणे दिल्या. एका ठिकाणी मिस्त्रींना दारातूनच हाकललं. एका म्हाताऱ्या बापाने सगळं ऐकून विचारलं, तुम्ही केलेली गाडी चांगली झाली होती का? मिस्त्री हो म्हणाले. पिवळ्या व्हॅनच्या पाच मुलांपैकी फक्त एकाच्या आईपर्यंत त्यांना पोचता आलं. तिने झाकण परत आणलं नाही, तिने पोलिसांत तक्रार दिली. ते प्रकरण अजून चालूच आहे.

वर्षभराने मिस्त्री एका मित्राला त्याची छोटी गाडी द्यायला म्हणून मेळ्याच्या हॉलवर गेले. डॉक्टर आपल्या जाग्यावर होते, हात तसेच धुतलेले. टेबलावर त्यांच्यासमोर आकाशी रंगाची छोटी गाडी होती. त्यांना दुसरा कुणी कारागीर मिळाला होता. मिस्त्रींना थांबायचं नव्हतं, पण नजर गेली. चेपलेला भाग हातोडीने सरळ फोडलेला होता, कडा खडबडीत, रंग जाड, भेगा पेनने काढल्यासारख्या. फारच गचाळ काम.

आणि मिस्त्रींच्या मनात पहिला विचार आला तो हा, की माझ्या हाताची सर याला नाही.

ते जिन्यात येऊन थांबले. एवढं सगळं होऊनही आपल्या आत तो विचार उठला, तोही आधी, बाकी सगळ्याच्या आधी, याची त्यांना डॉक्टरांपेक्षाही जास्त शिसारी आली. मित्राची गाडी त्यांनी पायरीवरच ठेवली आणि खालच्या नळाखाली हात धरून ते बराच वेळ चोळत राहिले.