लॅपटॉपची गादी

हसीनाबींच्या घरात आलेली कुठलीही वस्तू उघड्या फरशीवर किंवा टेबलावर बसत नसे. तिला गादी मिळे. शिलाई मशीनला गादी, रेडिओला गादी, आणि नवरा रहीमभाई हयात होते तेव्हा त्यांच्या चष्म्यालासुद्धा बोटभर गादी. गादीवाल्याच्या घरात पाहुणा कडक जागेवर बसला तर धंद्याला बट्टा लागतो, असं सासूनं सांगितलं होतं आणि हसीनाबींनी ते मनावर घेतलं होतं. मग मोईननं आपला जुना लॅपटॉप आईला दिला, तेव्हा त्याच दिवशी त्यालाही सावरीच्या कापसाची मऊसूत गादी मिळाली, वर मखमलीची खोळ. पहिले काही दिवस लॅपटॉप तिच्यावर नवरदेवासारखा बसला. मग ओरडायला लागला.

ओरडणं कसलं, पंखा असा घोंघावायचा की दारातलं गिऱ्हाईक आत यायला बिचकायचं. शिवाय कामाचा वेग पार गेला. एक चित्र उघडायला सांगावं आणि तोवर चहा करून, पिऊन, कप धुऊन यावं.

एरवी हसीनाबींनी त्याला माळ्यावर टाकला असता. पण घराच्या पुढच्या खोलीतलं गाद्यांचं दुकान त्याच्यावर अडलं होतं. मोईन पुण्यात नोकरीला, आईनं शटर ओढून आपल्याकडं यावं म्हणून हट्ट धरून बसलेला. फोमच्या गाद्या आल्यापासून दुकानात गिऱ्हाईक कमी, हे खरंच होतं. ईदला तो आला तेव्हा वादावादी झाली आणि हसीनाबींनी तोंडून शब्द काढला: वेरूळच्या नव्या हॉटेलची ऑर्डर आली तर दुकान राहील, नाही आली तर मी स्वतः कुलूप लावीन. हॉटेलच्या मालकीणबाई दीपमाला यांना गाद्यांचे नमुने, कापडं, रंग, सगळं आधी स्क्रीनवर बघायचं होतं.

म्हणून हसीनाबी त्या यंत्रामागं हात धुऊन लागल्या. बंद करून चालू केला. मोईनच्या कॉलेजचे फोटो एकेक करून उडवले, आणि ते करताना त्यांना जरा वाईट वाटलं. दुरुस्तीवाल्या सर्जेरावनं त्याच्या काचेच्या काउंटरवर चालवून बघितला, तिथं तो बिचारा गुपचूप चालला. वय झालंय त्याचं, जास्त अपेक्षा ठेवू नका, एवढं सांगून त्यानं परत दिला. वय झालंय हे शब्द हसीनाबींना झोंबले. घरी आणून त्यांनी तो पुन्हा गादीवर ठेवला आणि समोर टेबलफॅन लावला. पिंजायच्या मशीनचा उडालेला कापूस त्या वाऱ्यानं थेट लॅपटॉपच्या पोटात जात होता, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही.

ठरलेल्या दुपारी दीपमालाताई स्क्रीनवर आल्या. पहिला नमुना दिसला, दुसरा अर्धाच दिसला. पंखा कोकलायला लागला.

“हसीनाचाची, मागं पिंजायची मशीन चालू आहे का? बंद करता का जरा?”

मशीन बंदच होती. हे सांगेपर्यंत ताईंचा चेहरा थिजला, तोंड उघडं राहिलं आणि स्क्रीन काळी झाली. हसीनाबींना रडू आलं, आणि रडू आल्याचा संतापही आला.

तेवढ्यात मोबाइलवर मोईनचा व्हिडिओ कॉल. या मायलेकरांची रीत अशी की लाड दख्खनी उर्दूत चालायचे आणि भांडण मराठीत. त्यानं मराठीत सुरुवात केली, तेव्हाच त्यांनी ओळखलं, आज भांडण आहे. मग बोलता बोलता तो थांबला.

“अम्मी, लॅपटॉपखाली काय आहे?”

“गादी.”

तो हसत सुटला. हसू आवरल्यावर त्यानं लॅपटॉप उचलायला लावला. खालून तव्यासारखा तापलेला. तिथल्या जाळीतून तो हवा घेतो, म्हणाला, आणि तीच गादीनं दाबली होती. जाळीत कापसाची वात अडकली होती. मायेनं केलं होतं सगळं, आणि त्या मायेनंच त्याचा श्वास कोंडला होता.

मोईननं तो मोका साधला. तिथं कापसाशिवाय काही नाही अम्मी, जीव गुदमरतोय तुझाही, आता कुलूप लाव.

“तुझ्या लॅपटॉपला गादी मानवली नाय, हे कबूल,” त्या म्हणाल्या. “माणसाला मानवते. ठेव फोन.”

शिलाई मशीनच्या ब्रशनं त्यांनी जाळी साफ केली. मग दाभण घेऊन बसल्या. वस्तू उघड्यावर बसवायची नाही ती नाहीच, उगाच हरायचं कशाला? त्यांनी दोन बोटभर जाडीचे घट्ट लोड शिवले, एक डावीकडं, एक उजवीकडं, मधली जागा मोकळी. लॅपटॉप त्यांच्यावर बसला आणि पंखा आपोआप निवला.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप आणि लोड पिशवीत घालून त्या एसटीनं वेरूळला गेल्या. दीपमालाताईंच्या टेबलावर लोड मांडले, वर लॅपटॉप. नमुने एकापाठोपाठ एक झरझर सरकले. ताईंनी ते नीट बघितले, दोनदा नाक मुरडलं, निळ्या पट्ट्यांच्या एका कापडावर थांबल्या. शेवटी एका खोलीचं सामान करून द्या म्हणाल्या, पाहुणे काय म्हणतात ते बघून पुढचं ठरवू.

संध्याकाळी मोईनचा कॉल लॅपटॉपवर घेतला. एक खोली ऐकून तो वैतागला. याला ऑर्डर म्हणतात का, दिलेला शब्द असा फिरवायचा का?

“ऑर्डर आली तर, असं बोलले होते मी. केवढी, ते नव्हते बोलले. आणि तू बी नाय विचारलं.”

उत्तराची वाट न बघता त्या उठल्या, आणि भिंतीवरचं बटण दाबलं. दुकानभर घरघर सुरू झाली. स्क्रीनवर मोईननं कानावर हात ठेवले.

“अम्मी, पंखा परत बिघडला का?”

“नाय,” हसीनाबी मोठ्यानं म्हणाल्या, “ही माझी मशीन आहे.”